झुरळाच्या डोक्यावरचं जहाज

आमची भाची आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. म्हणजे इतिहास मराठीतून आणि झुरळ इंग्रजीतून. परवा रात्री जेवणं झाल्यावर ती वहीत झुरळाची आकृती काढत बसली होती. सहा पाय झाले, पंख झाले, डोक्यावर दोन लांबलचक केस आले. त्यांच्याकडे बाण काढून तिने ‘अँटेना’ लिहिलं आणि पेन्सिल तोंडात धरून विचारलं, “मामा, टीव्हीचा अँटेना आधीचा की झुरळाचा?”

प्रश्न एक आणि उत्तरं घरभर. आईने निकाल दिला, “झुरळाला मिशा असतात. अँटेना माळवदावर असतो.” दाजी म्हणाले, “टीव्हीच्या अँटेनासारखं दिसतं म्हणून ठेवलं असेल नाव, त्यात काय एवढं बे.” सोलापूरच्या पूर्व भागाला लागून आमचं घर. शेजारच्या तेलुगू अक्का विरजण मागायला आल्या होत्या, त्यांनी ‘मीसालु’ म्हणून आईची बाजू घेतली. मी मराठी माध्यमातला. म्हटलं, आम्हाला ‘शृंगिका’ असं शिकवलं होतं. त्यावर भाची इतकी हसली की झुरळाचा एक पाय वाकडा गेला. “शृंगिका? हे तर सिरियलमधल्या सुनेचं नाव वाटतं!”

हसू दे. पण ज्या शब्दाला ती हसली तोच या सगळ्यांत मूळ शब्दाच्या सर्वांत जवळ आहे, आणि ज्या शब्दाला कुणीच हसलं नाही तो मात्र दोन हजार वर्षांत शिंगावरून जहाजावर आणि जहाजावरून झुरळावर असा फिरून आलेला आहे. मधे एक अनुवादक आहे. गोष्ट खरं तर त्याचीच.

आधी वस्तू बघू, मग नाव

कीटकाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या आसपास फुटलेली ही सांधेदार जोडी. सांधेदार हे महत्त्वाचं. केस सलग असतो. ही जोडी उसासारखी पेरापेरांची असते. मुळाशी एक जाडसर दांडा, त्यावर एक आखूड पेर आणि पुढे बारीक पेरांची लांब शेपटी. या तीन भागांची शास्त्रीय नावंही मुळात साध्या वस्तूंचीच आहेत: देठ, चिमुकलं पाऊल आणि चाबूक. लॅटिनमध्ये लिहिलं की भारदस्त वाटतात, एवढंच.

रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की ओट्याच्या कडेला झुरळ क्षणभर थबकतं. पाय हलत नाहीत, पण त्या दोन काड्या हवेत फिरत राहतात. अंधारात काठीने चाचपत चालणारा माणूस आठवा. फरक इतकाच की ही काठी नुसती चाचपत नाही. ती वास घेते, हवेतला ओलावा ओळखते, काही किड्यांमध्ये तर ऐकतेसुद्धा. नर डास भिंगातून पाहिला तर त्याच्या डोक्यावर पिसांचे दोन झुपके दिसतात. त्या झुपक्यांच्या बुडाशी, दुसऱ्या पेरात, कंपनं टिपणारं एक इंद्रिय असतं. ख्रिस्तोफर जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मादीच्या पंखांची गुणगुण नराला ऐकू येते ती या मार्गाने. आपल्याला चावते ती मादी. तिच्या डोक्यावरचे केस विरळ असतात, पण आपला वास शोधत ती येते ती त्यांच्याच भरवशावर.

शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कपाशीत किंवा मक्यात जो कामगंध सापळा लावतात, त्यातल्या ल्युरला, म्हणजे आमिषाला, मादी पतंगाचा कृत्रिम गंध असतो. नर पतंग तो गंध डोक्यावरच्या जोडीने हुंगतो आणि सरळ सापळ्यात उतरतो. पतंगांचा असा गंध प्रथम ओळखला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ बुटेनांट यांनी, १९५९ मध्ये, रेशमाच्या पतंगात. त्यासाठी त्यांना सुमारे ५ लाख माद्या वापराव्या लागल्या, आणि एवढ्या सगळ्यांतून हाती आलं ते काही मिलिग्रॅम. नर पतंगाला मात्र त्याचे मोजके रेणूही पुरतात.

तर नाक, बोट आणि कान एकाच काडीत बसवलेला हा अवयव. त्याला मिशी म्हणा नाहीतर अँटेना, दोन्हींत तो पुरता मावत नाही.

टीव्ही तर कालचा

दाजींचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो बहुतेकांना पटतो. आधी टीव्हीचा अँटेना, मग त्यावरून किड्याचा.

माळवदावर माशाच्या काट्यासारखा जो अँटेना असायचा, त्याला त्याच्या जपानी जनकांवरून यागी-उदा म्हणतात. तो १९२६ मधला. आमच्याकडे अजून एक आहे, त्याला दोरी बांधून पापड-कुरडयांवरची ओढणी अडकवतात. आणि कीटकांच्या बाबतीत ‘अँटेना’ हा शब्द लॅटिन भाषेत छापून आला तो १४७६ मध्ये. म्हणजे दाजी बरोबर साडेचारशे वर्षांनी हरले. इंग्रजीतही कीटकांसाठी हा शब्द सतराव्या शतकात रुळला होता. तेव्हा रेडिओ सोडाच, साधा विजेचा दिवाही नव्हता.

मग उलट झालं असेल का? किड्यावरून टीव्हीला नाव? इंटरनेटवर हे उत्तर फार ठिकाणी मिळतं. तेही बरोबर नाही. ते का, हे कळायला आधी ग्रीसला जावं लागेल.

अ‍ॅरिस्टॉटलने पाहिलेलं शिंग

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कीटकांबद्दल तो म्हणतो की काहींना डोळ्यांच्या पुढे ‘केराइआ’ असतात, आणि उदाहरणात फुलपाखरू देतो. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग. ‘केराइआ’ त्यावरूनच आला: शिंगासारखं पुढे निघालेलं काहीही. इथपर्यंत सगळं सरळ आहे. फुलपाखराच्या डोक्यावर शिंगं आहेत, एवढंच तो म्हणत होता.

पण ग्रीक लोक दर्यावर्दी. त्यांच्या रोजच्या बोलण्यात याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला होता. आपल्या सोलापूरला समुद्र लांब, म्हणून जरा जमिनीवरूनच सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचे मानाचे सात नंदीध्वज निघतात. तेवढी उंच एक उभी काठी डोळ्यांसमोर आणा. ती झाली जहाजाची डोलकाठी. आता वरच्या बाजूला तिला एक लांब बांबू आडवा बांधा आणि त्यावर एक सोलापुरी चादर सोडा. चादर म्हणजे शीड. आणि तो आडवा बांबू, ज्याची दोन टोकं काठीच्या दोन्ही बाजूंना बाहेर निघतात, तो ग्रीकांचा केराइआ. बैलाच्या डोक्यावर दोन्हीकडे शिंगं निघावीत तसा दिसतो म्हणून.

तिसरा अर्थही होता: अक्षराला काढलेलं बारीकसं टोक.

एकाच शब्दात शिंग, वासा आणि अक्षराचं वळण कसं मावेल? हा प्रश्न मला पडला तेव्हा उत्तर भिंतीपलीकडेच निघालं. अक्कांच्या तेलुगूत शिंग म्हणजे ‘कोम्मु’ आणि फांदी म्हणजे ‘कोम्म’. समोरच्या आजींच्या कन्नडात ‘कोंबू’ म्हणजे शिंग, आणि फांदीही. आणि या दोन्ही लिप्यांत उकाराच्या खुणेला काय म्हणतात? तेलुगूत कोम्मु, कन्नडात कोंबू. शाळेत जाणारी तेलुगू पोरं रोज अक्षराला शिंग काढतात. ग्रीकांशी काही देणंघेणं नसताना तेच तीन अर्थ इथे जवळजवळ तसेच्या तसे जमून आले आहेत. बाहेर निघालेलं टोक दिसलं की माणसाला बैल आठवतो, दुसरं काय.

एक निर्वासित ग्रीक आणि त्याच्यापुढचे दोन शब्द

पंधराव्या शतकात इटलीतल्या विद्वानांना अ‍ॅरिस्टॉटल हवा होता, पण ग्रीक फार थोड्यांना येत होतं. सगळ्यांची विद्येची भाषा लॅटिन. त्याच काळात तुर्कांच्या रेट्यामुळे ग्रीक पंडित इटलीत येत होते. थिओडोर गाझा त्यांतला एक. गाव थेस्सलोनिकी, १४३० मध्ये ते तुर्कांच्या ताब्यात गेलं. गाझा इटलीत आला, फेरारात ग्रीक शिकवू लागला, पुढे रोमला गेला. तिथे पोप पाचवे निकोलस यांनी ग्रीक ग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याचं मोठं काम काढलं होतं. अ‍ॅरिस्टॉटलचे प्राण्यांवरचे ग्रंथ गाझाने लॅटिनमध्ये आणले, आणि तेच भाषांतर १४७६ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं.

आता तो टेबलाशी बसला आहे आणि ‘केराइआ’ हा शब्द समोर आला आहे, असं समजा. लॅटिनमध्ये त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक शिंगाची. लॅटिनमध्ये शिंग म्हणजे ‘कॉर्नू’. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने कीटकांच्या याच अवयवासाठी ‘कॉर्निक्युला’, म्हणजे चिमुकली शिंगं, असा शब्द वापरून ठेवला होता. दुसरी वाट जहाजाची. शीड बांधायच्या आडव्या वाशाला लॅटिन शब्द होता ‘अँटेना’.

गाझाने वासा उचलला.

कन्नडातून मराठी करणाऱ्या एखाद्याने ‘सांबराला कोंबू असतात’ हे वाक्य ‘सांबराला फांद्या असतात’ असं लिहावं, तसं झालं हे. शब्दकोशात बघितलं तर चूक धरता येत नाही. आणि सांबराकडे बघितलं तर वाटतं, फांद्याच की!

म्हणजे चूकच ना?

काही जण सरळ तसं म्हणतात: अनुवादकाच्या चुकीमुळे किड्यांच्या डोक्यावर जहाजाचा वासा बसला. मला हे जरा घाईचं वाटतं.

एक तर गाझाची मातृभाषाच ग्रीक. या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याला माहीत नसतील हे शक्य नाही. दुसरं, त्या काळातल्या भूमध्य समुद्रातली जहाजं बघा. त्यांची शिडं तिकोनी, आणि वासा सरळ आडवा नसून तिरका, आभाळाकडे चढत गेलेला. असा मोठा वासा दोन लाकडं जोडून करत, म्हणून लॅटिनमध्ये तो पुष्कळदा अनेकवचनातच येतो. आता फुलांवर बसलेलं फुलपाखरू समोरून पाहा. डोक्यापासून दोन बारीक काड्या तिरक्या वर गेलेल्या. बंदरावर वाढलेल्या माणसाला त्यात वासा दिसला तर त्यात नवल नाही. थेस्सलोनिकी हे बंदरच.

तेव्हा माझं मत असं की अर्थ हुकला, पण चित्र जमलं. तोटा मात्र झाला. ‘शिंग’ म्हटलं की ते डोक्यावर असतं हे न सांगता कळतं. ‘वासा’ म्हटल्यावर ते कळत नाही. ज्याने जहाज पाहिलंच नाही त्याला तर काहीच कळत नाही.

आणि हा शब्द टिकला तो छापखान्यामुळे. हाताने लिहिलेल्या पोथीतला शब्द त्या पोथीपुरता राहतो; नकलणारा दुसरा त्या जागी आपला शब्द घालतो. छापलेला शब्द शेकडो टेबलांवर एकसारखा पोचतो. युरोपातले पुढच्या काळातले पंडित गाझाचाच अ‍ॅरिस्टॉटल वाचून मोठे झाले. शिंग मागे पडलं, वासा चालू राहिला.

मार्कोनीची काठी

इकडे किड्यांच्या पुस्तकात हा शब्द गंभीर चेहऱ्याने बसला, आणि इटलीच्या रस्त्यावर तो आपला पूर्वीसारखाच हिंडत होता. इटालियन भाषेत ‘आन्तेन्ना’ म्हणजे उंच काठी, खांब. तंबूच्या मधल्या काठीलाही तेच नाव.

१८९५ चा उन्हाळा. बोलोन्याजवळच्या वडिलोपार्जित वाडीत गुल्येल्मो मार्कोनी नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा बिनतारी संदेशाचे प्रयोग करत होता. लांब तार उंच काठीवरून सोडली की संदेश लांब जातो, हे त्याच्या लक्षात आलं. काठी आणि तिच्यावरची तार, या सगळ्या जोडणीला तो काठीचंच नाव देऊ लागला. अँटेना. तोवर त्याला नुसतं ‘टर्मिनल’ म्हणत. पुढे मार्कोनी जगप्रसिद्ध झाला, १९०९ मध्ये त्याला फर्डिनांड ब्राउनसोबत नोबेल मिळालं, आणि त्याचा शब्दही जगभर गेला. रेडिओला हा शब्द देण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं.

म्हणजे रेडिओच्या अँटेनाने नाव घेतलं ते काठीवरून, किड्यावरून नव्हे. दोघं एकमेकांचे बाप-लेक नाहीत. दोघांचा आजा एकच, जहाजाचा वासा. नातं लावायचंच तर चुलत भावंडांचं.

इथे आपल्या जगदीशचंद्र बसूंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यांनीही १८९५ मध्येच कोलकात्यात बिनतारी लहरींचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. १८९७ मध्ये लंडनला त्यांनी जे यंत्र नेलं, त्यात लहरी गोळा करायला धातूचं एक नरसाळं होतं. त्या घडणीच्या अँटेनाला आज अभियंते ‘हॉर्न अँटेना’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी गेलात तर त्याचा अर्थ होतो ‘शिंगाचा वासा’. शिंगाला घालवून वासा आला होता, त्याच्याच शेजारी शिंग पुन्हा येऊन बसलं.

“पण दोन्ही सिग्नल पकडतात, मग योगायोग कसा?”

हा भाचीचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न आहे. हवेतून येणारा संदेश रेडिओचा अँटेनाही पकडतो आणि किड्याचाही. एवढं जुळत असेल तर नाव त्यावरूनच पडलं असणार, असं वाटणं साहजिक आहे.

पण गाझाच्या काळात ‘सिग्नल पकडणं’ ही कल्पनाच नव्हती. ही जोडी वास घेते हे तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. नाव पडलं ते दिसण्यावरून. काम पुढे कळलं आणि योगायोगाने ते रेडिओशी जुळलं. घरातल्या मुलाचं नाव श्रावण ठेवावं आणि मोठेपणी त्याने खरंच आईबापांना काशीला न्यावं, तसं.

शिवाय किड्याचा अँटेना रेडिओलहरी पकडत नाही. तो रेणू पकडतो, झुळूक पकडतो, थरथर पकडतो. त्याला वायर मात्र जोडता येते, ही गंमत! दीत्रिश श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेशमाच्या पतंगाच्या या काडीला दोन्ही टोकांना बारीक विद्युताग्रं, म्हणजे इलेक्ट्रोड, लावली आणि वास दिल्यावर किती वीज हलते ते मोजलं. कोणता वास किड्याला कळतो हे तपासायला ही पद्धत प्रयोगशाळेत आजही वापरतात. तेव्हा ‘किड्याच्या अँटेनाला वायर जोडली’ असं कुणी म्हणालं तर ते विनोदाने घेऊ नका.

ग्रीक शिंग गेलं कुठे?

अवयवाच्या नावातून गेलं, पण किड्यांच्या आडनावांत राहिलं. डास ज्या गटात येतात त्याचं नाव ‘नेमॅटोसेरा’. त्यातला ‘सेरा’ म्हणजे तोच ‘केरास’, शिंग. धाग्यासारखी शिंगं असलेले, असा पूर्ण अर्थ. घरमाशीचा गट ‘ब्रॅकिसेरा’, आखूड शिंगांचे. फुलपाखरांना ‘ऱ्होपॅलोसेरा’ म्हणत. ‘ऱ्होपॅलॉन’ म्हणजे सोटा. खरंच, फुलपाखराच्या शिंगाच्या टोकाला सोट्यासारखी गाठ असते. ट्यूबलाइटभोवती जो पतंग घिरट्या घालतो त्याच्या शिंगाला बहुधा ती नसते. ते निमुळतं असतं किंवा पिसासारखं. दोघांमधला फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण, आणि ती नावातच सांगून ठेवलेली आहे. डायनासोरवेड्या पोरांना ट्रायसेरॅटॉप्स माहीत असतो. तीन शिंगांच्या तोंडाचा. तिथेही तेच शिंग.

आता या कुळात आणखी एक नातेवाईक बसवा. ग्रीक ‘केरास’, लॅटिन ‘कॉर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’ आणि संस्कृत ‘शृंग’ ही सगळी एकाच प्राचीन मुळाची फळं आहेत, असं भाषाशास्त्र सांगतं. आपलं ‘शिंग’ या ‘शृंगा’चंच. आणि ‘शृंगिका’ म्हणजे चिमुकलं शिंग.

प्लिनीचा शब्द आठवतोय? ‘कॉर्निक्युला’, चिमुकली शिंगं. गाझाने जो शब्द बाजूला ठेवला, त्याचाच हा जुळा भाऊ.

“मग मिशा काय वाईट?”

वाईट काहीच नाही. आईची मिशी, कन्नड मीसे, तेलुगू मीसम. आमच्या गल्लीत या एका बाबतीत तिन्ही भाषा एका बाजूला. बोलताना मीही मिशाच म्हणतो. अडचण एवढीच की मिशी म्हणजे केस. मांजरीच्या मिशा केसच असतात. किड्याची ही जोडी मात्र सांधे असलेला, आतून स्नायूंनी हलणारा अवयव आहे. पायासारखा. मिशी कापली तर पुन्हा वाढते, अशा समजुतीने पोरं झुरळाच्या मिशा कातरतात, तेव्हा ती त्याचं नाक आणि हात एकदमच कापत असतात.

यावर कुणी म्हणेल, शिंग तरी कुठे बरोबर आहे? शिंग कडक असतं, हलत नाही, त्याला काही जाणवत नाही. कबूल. पण शिंग निदान जागा तरी बरोबर सांगतं, आणि जोडीने फुटतं हेही सांगतं. गोगलगायीच्या डोक्यावरच्या मऊ काड्यांना पोरं शिंगंच म्हणतात, ती कडक आहेत का हे न बघता. ‘याला आता शिंगं फुटली’ असं आपण म्हणतो तेव्हा तरी कुठे डोकं चाचपून बघतो?

मराठी विश्वकोशात ‘शृंगिका’च आहे आणि मराठी माध्यमाच्या पुस्तकांत आम्ही तोच शिकलो. जिभेला तो जड आहे, हे मान्य. ‘शृं’ उच्चारताना आठवीतल्या पोराचे दात पडायचे बाकी राहतात. माझ्या हातात असतं तर मी ‘शिंगुली’ म्हटलं असतं. पण माझ्या हातात काही नाही.

नावाची फिकीर नसलेले काही जण

एक सोलापुरी उदाहरण इथे द्यायलाच हवं. आपल्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या डाळिंबाचा एक जुना शत्रू म्हणजे फळ पोखरणारी अळी. अळी सगळ्यांना माहीत, पण तिचं फुलपाखरू कुणी नीट बघत नाही. त्याच्या मागच्या पंखांच्या टोकाला बारीक शेपटीसारखे दोन धागे असतात आणि त्यांच्या मुळाशी काळा ठिपका. या कुळातली फुलपाखरं पंख मिटून बसली की मागचे पंख हळूहळू चोळत राहतात. त्यामुळे ते धागे हलतात, आणि ठिपका डोळ्यासारखा दिसतो. शेपटीच्या बाजूला खोटं डोकं, खोट्या शृंगिकांसकट! पक्षी चोच मारतो ती तिथे. पंखाचा तुकडा त्याच्या तोंडात राहतो आणि फुलपाखरू खऱ्या डोक्यासह उडून जातं.

म्हणजे डोक्यावर दोन काड्या हलल्या की ते तोंड, हे पक्ष्याला कळतं. त्यासाठी त्याला ग्रीक यावं लागत नाही. कोळी मात्र या सगळ्या भानगडीत नाही. त्याला अँटेना नसतो, शृंगिका नसते, मिशाही नसतात. विंचवालाही नाही. ते कीटकच नव्हेत. खेकडा आणि झिंगा यांना मात्र एक नाही, दोन जोड्या.

परीक्षेत काय लिहायचं?

शेवटी गाडी इथेच येते. सेमी इंग्लिशच्या मुलीने अँटेनाच लिहावा. अनेकवचन लिहिताना थोडी काळजी: कीटकाचे असतील तर इंग्रजीत ‘अँटेनी’, लॅटिन पद्धतीने. रेडिओ-टीव्हीचे असतील तर बहुधा ‘अँटेनाज’. चुलत भावंडं असूनही अनेकवचनं दोघांनी वेगळी घेतली आहेत, आणि इंग्रजीच्या शिक्षकांना त्यावर मार्क कापायला आवडतात.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. तिने अँटेनाच ठेवला. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘शृंगिका’ लिहायला घेतलं आणि ‘शृ’वर अडली. “यात शला र खालून की वरून?” मी दाखवणार तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “मिशा लिही गं. सरांना पण कळू दे.”